संभाषणाचे कुलूप आणि सत्तेची किल्ली
(दुधनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दुधनी हे बाजारपेठेचे गाव आहे. सोलापूर-वाडी लोहमार्गावरच्या या गावात तुरी-उडदाचे सौदे मराठीत होतात तसेच कानडीतही होतात. अशा ठिकाणी गुप्ततेचा विचार करताना जुन्या हत्ता पद्धतीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार यांची बोटे एकमेकांना भिडत, भाव ठरे, आणि ज्याचा माल विकला जात होता तो शेतकरी शेजारी उभा असूनही अंधारात राहत असे. नियंत्रित बाजारपेठांच्या कायद्यांनी हा रुमाल दूर सारून उघड लिलावाचा आग्रह धरला, तो याचसाठी. तात्पर्य, गुप्तता ही आपल्या ठायी चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ती कोणाची, कोणापासून आणि तिच्यामुळे कोणाचे बळ वाढते, हे पाहावे लागते. दूरध्वनीवरील संभाषण गुप्त राखणाऱ्या साधनांना हीच कसोटी लावली पाहिजे.

ट्रंककॉलच्या काळात दूरध्वनीवरील बोलणे खाजगी नव्हतेच. केंद्रातला माणूस दोन तारा जोडून देई आणि मनात आणले तर ऐकूही शकत असे. खरी गुप्तता त्या काळी फक्त राज्यसंस्थेला परवडत होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, लंडन आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये गुप्त संभाषणाचे जे यंत्र सुरू झाले त्याचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकड्यांत रूपांतर करून त्यात ध्वनिमुद्रिकेवरील निरर्थक आवाज मिसळला जाई. तशीच दुसरी ध्वनिमुद्रिका पलीकडच्या टोकाला असे. तिच्या साहाय्याने मूळ बोलणे पुन्हा प्रकट होई आणि वापरलेली मुद्रिका नष्ट केली जाई. मधली तार कोणी चोरून ऐकलीच, तर त्याच्या कानी केवळ खरखर पडे.

तत्त्व आजही तेच आहे. बदलली आहे ती किंमत. २०१६ पासून व्हॉट्सअॅपवरील बोलणे एका टोकाला कुलूपबंद होते आणि दुसऱ्या टोकाला उघडते. ते वाहून नेणाऱ्या कंपनीपाशीही किल्ली नसते. जे एकेकाळी दोन महासत्तांच्या प्रमुखांनाच लाभले ते ऊसतोड कामगाराच्या खिशात आले, ही सामाजिक दृष्ट्या लहान घटना नव्हे. परंतु या कुलपाच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. बोलण्याचा आशय झाकला गेला तरी कोणी कोणाला, केव्हा आणि किती वेळ दूरध्वनी केला याची नोंद कोठेतरी उरतेच. संघटना मोडू पाहणाऱ्याला पुष्कळदा तेवढी नोंदही पुरते.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पेगासस नावाचे इस्रायली हेरतंत्र तारेवर पाळत ठेवीत नाही. ते थेट दूरध्वनीतच शिरते आणि बोलणे कुलूपबंद होण्यापूर्वीच टिपून घेते. २०१९ साली व्हॉट्सअॅपने ज्यांना असा हल्ला झाल्याचे कळविले त्यांत नागपूरचे एक मानवाधिकारवादी वकीलही होते. पुढे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. तिने २९ दूरध्वनी तपासले. त्यांपैकी पाचांत घातक प्रणाली आढळली, मात्र ती पेगाससच होती असे सिद्ध झाले नाही. केंद्र सरकारने समितीशी सहकार्य केले नाही, ही गोष्ट सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयातच सांगितली.

मग गुप्ततेची हमी देणारे महागडे खास दूरध्वनी विकत घ्यावेत काय? युरोपात असे दूरध्वनी पुरविणाऱ्या एन्क्रोचॅटच्या यंत्रणेत फ्रेंच पोलिसांनी शिरकाव केल्याचे २०२० साली उघड झाले. अॅनॉम या नावाने विकले जाणारे दूरध्वनी तर अमेरिकेच्या एफबीआयच्याच हाती होते, हे २०२१ साली जगाला समजले. त्यांचे बहुसंख्य ग्राहक गुन्हेगार होते आणि त्यांच्याविषयी कोणाला सहानुभूती वाटण्याचे कारण नाही. पण बोध स्पष्ट आहे. बाजारात विकत घेतलेली गुप्तता विक्रेत्याच्या प्रामाणिकपणाइतकीच टिकाऊ असते. म्हणून नागरिकाचे खरे संरक्षण कायद्यात शोधावे लागते.

त्या कायद्याचा इतिहास काय सांगतो? परकीय सरकारने १८८५ साली केलेल्या तार अधिनियमाच्या कलम ५(२) खाली स्वतंत्र भारतातही दशकानुदशके दूरध्वनी चोरून ऐकले गेले. सीमेपलीकडच्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना १९८८ साली याच प्रकरणावरून मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. जयप्रकाशांच्या पुढाकाराने १९७६ साली स्थापन झालेल्या पीयूसीएल या संघटनेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता यांचा प्रश्न असल्याखेरीज ही सत्ता वापरता येणार नाही, गृहसचिवांचा आदेश हवा आणि त्याला मुदत हवी, असा निकाल डिसेंबर १९९६ मध्ये लागला. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत अधिकार ठरविला. २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करण्यास सांगितले. आरोप गंभीर असला तरी कायद्याची अट पुरी झालेली नाही, हे त्यामागील तत्त्व होते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो प्रामाणिक आहे. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोर आणि त्यांचे सूत्रधार यांच्यातील संभाषणे यंत्रणांनी टिपली व तीच पुढे महत्त्वाचा पुरावा ठरली. हे खरे आहे, आणि असा अधिकार राज्यसंस्थेला असलाच पाहिजे. पण तो प्रसंग सार्वजनिक आणीबाणीचा होता. कायद्याने घातलेल्या अटीत तो पूर्णपणे बसतो. त्याचा दाखला देऊन मजुरीच्या दरासाठी एकत्र येणाऱ्या शेतमजुरांचे बोलणे ऐकण्याचा परवाना कोणालाही मिळत नाही. ‘लपविण्यासारखे काही नसेल तर भिता कशाला?’ असे विचारणारेही आपली पत्रे उघड्या कार्डावर न लिहिता पाकिटात घालतात, आणि त्यासाठी त्यांना कोणी चोर म्हणत नाही.

१८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी २०२३ चा दूरसंचार अधिनियम आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याखालील नियम आले. आदेश एका वेळी साठ दिवसांचा व एकूण एकशे ऐंशी दिवसांपलीकडे नाही, ही मर्यादा त्यांत आहे. परंतु आदेश देणारे सचिव आणि तो तपासणारी समितीही सचिवांचीच. अडत्याने स्वतःच्याच काट्याची तपासणी करावी, तसला हा प्रकार आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यान्वये गुन्ह्यांच्या तपासात न्यायाधीशाची परवानगी लागते, पाळत संपल्यावर संबंधिताला साधारणतः नव्वद दिवसांच्या आत कळवावे लागते आणि अशा परवानग्यांचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध होतो. भारतीय नागरिकाला मात्र आपले बोलणे ऐकले गेले हे बहुधा कधीच कळत नाही. जे कळतच नाही त्याविरुद्ध दाद कशी मागणार?

म्हणून मागण्या तीन आहेत. पाळतीची परवानगी न्यायाधीशाने द्यावी. पाळत संपल्यानंतर नागरिकाला ते कळवावे. आणि दरवर्षी किती आदेश निघाले, त्यांतून किती गुन्हे सिद्ध झाले, याचा हिशेब विधिमंडळापुढे व संसदेपुढे ठेवावा. यांपैकी एकाही मागणीने पोलिसांचे हात बांधले जात नाहीत. फक्त त्यांना कारण द्यावे लागते. लोकशाहीत सत्तेचे व्यवहार उघड आणि नागरिकाचे बोलणे झाकलेले असावे लागते. हा क्रम उलटला की मतदानाचा हक्क शिल्लक राहतो, पण मत बनविण्यासाठी एकमेकांशी निर्भयपणे बोलण्याची जागा उरत नाही.