शेपटीचा तोल



बंगळूरच्या विमानोद्योगाचा विषय निघाला की महाराष्ट्राशी निगडित दोन नावे आपोआप ओठांवर येतात. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने तेथे विमानांचा कारखाना उभारला. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णु माधव घाटगे हे ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. त्यांच्या नेतृत्वाखाली रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान ऑगस्ट १९५१ मध्ये त्याच कारखान्यातून आकाशात झेपावले. पुढे साठच्या दशकात तेथे चेतक हेलिकॉप्टर बनू लागले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये ध्रुवचे पहिले उड्डाण झाले. आजचा विषय मात्र या सगळ्यांहून पुष्कळ लहान आहे. रेडिओने चालणाऱ्या, टेबलावर मावणाऱ्या हेलिकॉप्टरची शेपटी स्थिर कशी राहते, एवढाच तो विषय. पण जो प्रश्न ध्रुवच्या शेपटीला पडतो, तोच या खेळण्याच्या शेपटीलाही पडतो.

फिरत्या खुर्चीत बसून डोक्यावर एखादे जड चाक गरगर फिरवू लागावे, तर खुर्ची उलट दिशेने फिरू लागते. हेलिकॉप्टरचे धड म्हणजे ती खुर्ची आणि वरचा मोठा पंखा म्हणजे ते चाक. धड उलटे गरगरू नये म्हणून शेपटीच्या टोकाशी उभा लहान पंखा बसवतात आणि तो शेपटीला आडवा रेटा देत राहतो. इगोर सिकोर्स्की यांनी १९३९ मध्ये व्हीएस-३०० या यंत्रावर ही मांडणी यशस्वी करून दाखवली आणि आजची बहुतेक हेलिकॉप्टरे तिच्याच वंशातली आहेत. अडचण अशी की वरच्या पंख्याचा उलटा जोर क्षणोक्षणी बदलतो. यंत्र वर चढवले की तो वाढतो, खाली आणले की घटतो, आणि बाजूने वाऱ्याची झुळूक आली की सारा हिशेबच विस्कटतो. शेपटीचा रेटाही तितक्याच वेगाने बदलला पाहिजे.

जर्मनीत डीटर श्ल्यूटर यांनी १९७० च्या सुमारास रेडिओने चालणारी हेलिकॉप्टरे प्रत्यक्षात आणली, तेव्हा हा हिशेब उडवणाऱ्याच्या अंगठ्याने करावा लागे. मग जायरो आला. प्रारंभीच्या जायरोत खरोखरच भोवरा होता : विजेच्या लहान मोटरीवर फिरणारी पितळी चाके. फिरता भोवरा आपला आस सोडायला तयार नसतो, हे दोरी गुंडाळून भोवरा फिरवलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आजच्या जायरोत भोवरा उरलेला नाही. सिलिकॉनचा डोळ्यांना न दिसणारा तुकडा आत थरथरत असतो आणि वळण्याचा वेग त्याच्या थरथरीतल्या फरकावरून मोजला जातो. खिशातल्या मोबाइलमध्येही असाच एक तुकडा असतो.

हा जायरो रिसीव्हर आणि शेपटीचा सर्व्हो यांच्या मध्ये बसतो. तो दोन प्रकारे काम करतो. साध्या रेट मोडमध्ये तो शेपटीच्या अचानक हालचालीला केवळ आवर घालतो. वारा लागून राहिला तर शेपटी हळूहळू सरकते, ती सरकू देतो. हेडिंग होल्डमध्ये मात्र शेपटी किती अंश ढळली याचा तो हिशेब ठेवतो आणि ती मूळ जागी आणूनच थांबतो. नवशिक्याला अर्थातच दुसरा प्रकार आवडतो. बहुतेक चुका तेथेच होतात.

जाणते लोक आधी जायरोला हात लावत नाहीत. शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारा सरकता तुकडा बोटाने मागेपुढे करून पाहतात. तो कुठे अडखळतो का, जोडांत ढिलाई आहे का, पट्टा सैल आहे का, हे तपासतात. सर्व्होचा दांडा मध्यावर असताना जोडसळईशी काटकोनात हवा. मग रेट मोडमध्येच पहिले उड्डाण करून, यंत्र हवेत एका जागी तरंगताना शेपटी जवळजवळ सरळ राहील इतकी सळईची लांबी जमवतात. हे काम कंटाळवाणे आहे. हेडिंग होल्ड लावला की सळईतली चूक झाकली जाते, म्हणून ते टाळण्याचा मोहही मोठा असतो. पण झाकलेली चूक नाहीशी होत नाही. एका बाजूला वळताना शेपटीचा जोर आधीच संपलेला असतो आणि ते नेमके वाऱ्यात कळते.

यानंतर दिशेची परीक्षा येते आणि तिच्यात गफलतीला जागा नाही. रिमोटवर उजवीकडे वळण्याचा इशारा दिला की सरकता तुकडा कोणत्या बाजूला जातो, ते लक्षात ठेवावे. मग यंत्र हातात धरून त्याचे नाक झटक्याने डावीकडे फिरवावे. तुकडा त्याच बाजूला गेला पाहिजे. उलट गेला, तर जायरो चूक सुधारण्याऐवजी वाढवणार, आणि यंत्र जमीन सोडताच भिंगरीसारखे फिरणार. ही परीक्षा घेताना मोटरीच्या तारा सोडवून ठेवणे हा नियम कधीही मोडू नये.

उरला गेन, म्हणजे चूक दिसल्यावर किती जोराने ती सुधारायची याचे माप. तो कमी असला की शेपटी आळसावते. वाढवत नेला की एका टप्प्यावर ती कुत्र्याच्या शेपटीसारखी डावी-उजवी झपाझप हलू लागते. कारण साधे आहे. सायकल शिकणारे मूल तोल जातोसे वाटताच हॅन्डल गरजेपेक्षा जास्त वळवते, मग उलट बाजूला आणखी जास्त. सर्व्होला हुकूम मिळून तो हलेपर्यंत जो क्षणभराचा उशीर होतो, त्यामुळे जायरोचेही तसेच होते. म्हणून शेपटी हलू लागेपर्यंत गेन थोडा थोडा वाढवायचा आणि मग किंचित मागे यायचे. पंखा अधिक वेगाने फिरणार असेल, तर गेन कमी पुरतो. शेपटी कमी गेनवरही हलत राहिली, तर दोष बहुधा जायरोत नसतो. तो मंद सर्व्होत, ढिल्या जोडात किंवा यंत्राच्या थरथरीत असतो.

बंगळूरची एक खास गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवर आहे आणि तेथील हवा मुंबईपेक्षा साधारण आठ-नऊ टक्क्यांनी विरळ. मुंबईत जमवलेले यंत्र तेथे नेले, तर शेपटीच्या पात्यांना तेवढ्याच रेट्यासाठी अधिक कोन घ्यावा लागतो, आणि राखीव जोर कमी उरतो. हीच गोष्ट हिमालयात जाणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत कितीतरी पटींनी खरी ठरते. २००५ च्या अखेरीस शेपटीच्या पात्यांतील दोषामुळे ध्रुवचा सारा ताफा काही काळ जमिनीवर ठेवावा लागला होता. मोठमोठ्या अभियंत्यांनाही शेपटीने चकवले आहे, तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला ती चकवील यात नवल नाही.

पालकांनी एक आकडा ध्यानात ठेवावा. साधारण सत्तर सेंटिमीटर लांबीची पाती मिनिटाला दोन हजार फेऱ्या घेत असली, तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी सहाशे किलोमीटरच्या आसपास जातो. याला खेळणे म्हणणे हा केवळ भाषेचा दोष. मुलाच्या हाती ते द्यावे की नाही, याचे उत्तर देवघेवीचे नाही. शेजारी जाणता माणूस उभा राहणार की नाही, याचे आहे. घरात, गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात ते उडवू नये. २०२१ च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या हौशी प्रतिकृतींची स्वतंत्र नोंद आहे, आणि त्या डोळ्यांदेखतच उडवायच्या आहेत. शिवाय बंगळूरला येलहंका, जक्कूर, एचएएल आणि देवनहळ्ळी असे विमानतळांचे कडेच आहे. म्हणून डिजिटल स्कायचा नकाशा पाहिल्यावाचून मैदान निवडू नये.

मैदानावर पहाटे जावे, वारा पडलेला असतो. यंत्र सपाट जमिनीवर ठेवावे, बॅटरी जोडावी आणि मग काही सेकंद त्याला हात लावू नये, कारण त्याच सेकंदांत जायरो स्थिर म्हणजे काय ते शिकून घेत असतो. तेवढ्यात कोणी उत्साहाने यंत्र उचलले, तर बॅटरी काढून पुन्हा जोडावी.