चुलवाणाच्या ठिणग्या



हंगामात करवीरकडच्या एखाद्या गुऱ्हाळावर तुम्ही कधीतरी थांबला असाल. वर काहिलीत रस उकळतोय, खाली जळव्या चुलवाणात चिपाडं सारतोय. जाळाशिवाय गूळ होत नाही, आणि जाळ आला की ठिणग्या आल्याच. चिपाडांचा ढीग जवळच असतो, म्हणून पाण्याची घागर हाताशी लागते.

आपल्या मूत्रपिंडांत रात्रंदिवस हेच चालतं. मुठीएवढे हे दोन अवयव दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात ओढून घेतात. त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशींमधल्या मायटोकाँड्रियात प्राणवायूवर तयार होते. तिथंच ठिणग्या उडतात, म्हणजे प्राणवायूचे उग्र रेणू. ग्लुटाथायोनसारखी द्रव्यं त्या विझवतात. पण साखर आणि रक्तदाब वर्षानुवर्षं चढे राहिले, की ठिणग्या जास्त आणि घागर रिकामी. याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. गाळणीच्या नाजूक पेशी भाजतात, तिथं व्रण धरतो. मग उरलेल्या गाळण्यांवर जास्त भार, आणि आणखी ठिणग्या.

हे सगळं मुकाट्यानं होतं, याचीच मला काळजी वाटते. रक्तात क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य वाढलेलं दिसेपर्यंत निम्मं काम गेलेलं असू शकतं. मधुमेह किंवा रक्तदाब असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्याच.

परवा दवाखान्यात एका काकांनी पिशवीतून 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेले तीन डबे काढले. शिवाय रोज शहाळं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, आणि त्यांच्या रक्तातलं पोटॅशियम आधीच वाढलेलं! ठिणगीवर पाणी मारावं, हा त्यांचा विचार साधा होता, पण शरीर इतकं सरळ नसतं. शरीराची ही विझवण्याची ताकद वाढवणाऱ्या बार्डोक्सोलोन या औषधाची मोठी चाचणी २०१२ साली मध्येच थांबवावी लागली, कारण काही रुग्णांचं हृदय थकू लागलं. आधी जाळ आवरा. साखर, रक्तदाब ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा.

आणि बागायतदारांना एक विनंती. एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत भर उन्हात ऊस तोडणाऱ्या तरुणांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत, मधुमेह नसताना. आपल्या फडातही बीडकडची माणसं कोयता चालवतात आणि अंग ठणकलं की दुकानातली वेदनाशामक गोळी घेतात, तीही मूत्रपिंडांना बाधू शकते. त्यांना दुपारी सावलीत बसू द्या. गोळीआधी डॉक्टरांना विचारायला सांगा, आणि बांधावर घागर भरलेली ठेवा.