कोळसा संपल्यावर जमिनीचे काय?

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



वणी तालुक्यातील उकणी, निलजई, कोलारपिंपरी ही नावे आपणास नवीन नाहीत. जेथे कापूस, तूर, ज्वारी पिकत होती तेथे कोळशाच्या उघड्या खाणी झाल्या. जमीन जाते तेव्हा आपण मोबदला आणि नोकरी यांवर बोलतो. ते बोललेच पाहिजे. पण कोळसा संपल्यावर खड्ड्याचे आणि ढिगाऱ्यांचे काय करायचे, हे खाण सुरू होण्यापूर्वीच कागदावर ठरते. तो कागद म्हणजे खाणबंदी आराखडा.

केंद्रीय कोळसा मंत्रालयाने ऑगस्ट २००९ मध्ये यासाठी अनामत रकमेची अट घातली. उघड्या खाणीला हेक्टरी ६ लाख रुपये, भूमिगत खाणीला १ लाख, असा तेव्हाचा दर होता. म्हणजे १०० हेक्टरच्या उघड्या खाणीचे ६ कोटी झाले. पुढे दर वाढले, तत्त्व तेच राहिले. ही रक्कम कंपनी दरवर्षी हप्त्याने बँकेतील एस्क्रो खात्यात भरते. कोळसा नियंत्रकाच्या संमतीशिवाय ती काढता येत नाही. आराखड्याप्रमाणे काम झाले तरच पैसे परत मिळतात. हा मोबदला नव्हे, गावाला वाटपही नव्हे. काम व्हावे म्हणून अडकवलेला पैसा आहे. म्हणून आराखड्यात काय लिहिले आहे, याला महत्त्व आहे.

त्यात पुढील गोष्टी अवश्य पाहा :

१) वरची माती : काळ्या मातीचा सुपीक थर वेगळा काढून वेगळा साठवला पाहिजे. मुरूम-दगडाखाली गाडलेली माती परत मिळत नाही. उंच ढिगात वर्षानुवर्षे पडलेल्या मातीतील उपयुक्त जिवाणू हवेअभावी मरतात. ढीग बुटका ठेवून त्यावर बोरू किंवा धैंचा पेरावा.

२) ढिगारे : एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा. भोवती चर आणि गाळ बसण्यासाठी टाकी हवी. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात गाळ शेजारच्या शेतात येतो.

३) खड्डा : किती बुजवणार, किती पाण्यासाठी ठेवणार, कुंपण कोण घालणार? साठलेले पाणी ओलितास वापरण्यापूर्वी तपासून घ्यावे.

४) लागवड : आधी शेंगवर्गीय पिके व गवत, नंतर कडुनिंब, करंज, शिसू, बांबू. लावलेली नव्हे, जगलेली झाडे मोजा.

हे विचारण्याची जागा म्हणजे जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ ती घेते व किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात सूचना देते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात पाहता येतो. तोंडी बोलाच, पण लेखी निवेदन देऊन पोच घ्या. सर्वे नंबर, नाला, विहीर यांचा स्पष्ट उल्लेख करा.

परवानगी मिळाल्यावर कंपनीला दरवर्षी १ जून व १ डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यावा लागतो. ग्रामपंचायतीने तो मागवून प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहावा.

कोळसा एका पिढीत संपतो. माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात. तेव्हा मातीचा हिशेब आधी मागा.