रानचा ताप आणि रक्ताचा वारसा

रानांत राहणाऱ्या माणसाला हिंवताप बाधत नाहीं, असा एक समज शहरांतील सुशिक्षित घरांतून फार दिवसांपासून चालत आला आहे. जंगलखात्याचे अधिकारी, लांकडाचे ठेकेदार, रस्ते बांधणारे मजूर हे चांद्याच्या रानांत गेले कीं पंधरवड्या-तीन आठवड्यांत थंडीनें कुडकुडत परत येतात. आणि तेथला गोंड शेतकरी मात्र भर पावसांत उघड्या अंगानें रोवणी करीत असतो. हा देखावा पाहून ‘त्यांचें रक्तच निराळें’ असें म्हणणें सोपें जातें. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें नाहीं. परंतु त्यांत जेवढें खरें आहे त्याची किंमत कोणी दिली, हें कळल्यावांचून तें पुरतें समजत नाहीं.

या प्रश्नाचा विचार करण्यास आरमोरीसारखें दुसरें ठिकाण मिळणें कठीण. वैनगंगेच्या पूर्वेस वसलेलें हें तालुक्याचें गांव पूर्वीं चंद्रपूर जिल्ह्यांत मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हां तें त्यांत गेलें. पश्चिमेस नदी आणि धानाच्या बांध्या, पूर्वेस कुरखेडा-कोरचीच्या दिशेनें दाट होत जाणारें रान, आणि मध्यें जुनीं तळीं व बोड्या, अशी येथील भूमीची ठेवण आहे. जवळच वैरागड आहे. तेथील हिऱ्यांच्या खाणी एके काळीं दूरवर प्रसिद्ध होत्या. ढिवर लोक तळ्यांत मासे धरतात आणि ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे पोसतात. उन्हाळ्यांत तेंदूपानांच्या हंगामाला घरेंच्या घरें रानांत जातात. पाणी, रान आणि मनुष्य यांची गांठ येथें बाराहि महिने पडलेली असते, आणि जेथें ही गांठ पडते तेथें डास असतोच. धानाच्या बांध्यांत व नदीपात्रांतील डबक्यांत वाढणारा ॲनॉफिलीस क्युलिसिफेसीस आणि रानांतल्या संथ झऱ्यांच्या कडेला वाढणारा फ्लुव्हिएटिलिस, हे दोघे या मुलुखांत हिंवताप वाहून नेतात. महाराष्ट्रांतील अत्यंत हिंवतापग्रस्त जिल्ह्यांत गडचिरोलीची गणना दीर्घकाळ होत आली आहे. तेथील रहिवाशांना ताप बाधत नसता तर ती तशी झालीच नसती.

मग तो शेतकरी उभा कसा राहतो? प्रतिकारशक्ति दोन प्रकारची असते: एक कमावलेली, दुसरी वारशानें आलेली. या दोहोंची गल्लत केल्यानेंच वरील समज रूढ झाला आहे. हिंवतापाचे जंतु ज्याच्या रक्तांत वर्षानुवर्षें पुन: पुन: शिरतात त्याचें शरीर हळूहळू त्यांना ओळखूं लागतें. जंतु समूळ नष्ट होतातच असें नाहीं. परंतु ताप पूर्वीसारखा जोर धरीत नाहीं. जन्मानंतरचे कांहीं महिने बालकाला आईकडून मिळालेल्या प्रतिकारक द्रव्यांचा आधार असतो. तो संपला कीं तें बालक उघडें पडतें आणि पुढचीं कांहीं वर्षें त्याला फार धोक्याचीं जातात. त्या वर्षांत जीं मुलें दगावलीं तीं रोवणीच्या वेळीं बांधींत उभीं दिसत नाहींत. बाहेरून आलेला पाहुणा पाहतो तो वांचलेल्यांनाच, आणि त्यांवरून साऱ्या जमातीच्या रक्ताविषयीं मत बनवितो.

ही कमावलेली शक्ति टिकाऊहि नसते. गांव सोडून कांहीं वर्षें शहरांत काढलीं कीं ती ओसरते. पहिलटकरणीच्या बाबतींत तर ती ऐन गरजेच्या वेळीं दुबळी ठरते. शिवाय हिंदुस्थानांत ताप बहुतेक ठिकाणीं ऋतूप्रमाणें व वर्षावर्षाला कमीजास्त येतो. आफ्रिकेच्या कांहीं भागांप्रमाणें बारा महिने सारखा नसतो. त्यामुळें येथील प्रौढ माणसालाहि ती पुरतेपणीं साधतेच असें नाहीं.

आतां वारशाची गोष्ट. १९४९ सालीं जे. बी. एस. हॉल्डेन यांनीं अशी कल्पना मांडली कीं, भूमध्यसमुद्राच्या कांठच्या लोकांत आढळणारा थॅलसीमिया हा रक्ताचा विकार हिंवतापापासून संरक्षण देत असावा, आणि म्हणूनच तो घातक असूनहि पिढ्यान्‌पिढ्या टिकला असावा. हेच हॉल्डेन पुढें १९५७ सालीं हिंदुस्थानांत आले, येथले नागरिक झाले आणि १९६४ सालीं भुवनेश्वर येथें वारले. रक्ताच्या अशाच एका विकाराचें प्रमाण ज्या ओरिसांत मोठें, त्याच प्रांताच्या राजधानींत. तो विकार म्हणजे सिकलसेल. १९५४ सालीं ॲलिसन यांनीं पूर्व आफ्रिकेंत त्याच्या बाबतींत हॉल्डेनची कल्पना प्रत्यक्ष पडताळून दाखविली.

विदर्भांत लोक याला नुसतें ‘सिकल’ म्हणतात. रक्ताला तांबडेपणा देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या एका सांखळींत सहाव्या जागीं एक घटक बदलतो, एवढाच काय तो फरक. पण त्यामुळें प्राणवायु कमी पडतांच तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते. हें सदोष जनुक आई व बाप या दोघांपैकीं एकाकडूनच आलें तर मनुष्य सहसा धडधाकट राहतो, आणि फाल्सिपेरम जातीच्या जंतूनें होणाऱ्या भयंकर हिंवतापापासून त्याचा सुमारें नव्वद टक्के बचाव होतो. जंतु शिरलेली त्याची पेशी लवकर वांकते, जंतूची वाढ खुंटते आणि प्लीहा ती पेशी गाळून टाकते. परंतु दोघांकडूनहि तेंच जनुक आलें तर अपत्याच्या वांट्याला आयुष्यभर पंडुरोग, हाडें फोडणारी वेदना आणि वारंवार जंतुसंसर्ग येतो. एखाद्या वस्तींत शंभरांत वीस माणसें वाहक आहेत असें धरिलें तर पंचवीस जोडप्यांपैकीं एका जोडप्यांत उभयतां वाहक निघतील, आणि त्यांच्या मुलांपैकीं चौथा हिस्सा रोगी होईल. म्हणजे शंभर बालकांत एक. वीसजणांच्या संरक्षणाचें मोल तें एक मूल देत असतें. त्याला हिंवताप झालाच तर संरक्षण दूरच, उलट तो ताप त्याच्या जिवावर बेततो.

हिंदुस्थानांत हा विकार १९५२ सालीं प्रथम नोंदला गेला. त्याच वर्षीं तो निलगिरीच्या पहाडी लोकांत लेमन व कटबुश यांना आणि आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत दुसऱ्या संशोधकांना आढळला. १९५८ सालीं शुक्ला व सोळंकी यांनीं मध्य हिंदुस्थानांतील वाहकांचा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत दिला. त्यानंतरच्या पाहण्यांत महाराष्ट्रांतील माडिया, परधान, भिल्ल, पावरा इत्यादि जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा वीस ते पस्तीसपर्यंत दिसून आलें. विदर्भांत मात्र हें जनुक आदिवासींपुरतें नाहीं. त्याच गांवांत राहणाऱ्या इतर अनेक समाजांतहि तें आहे. कारण जनुकाला जातीचें नांव ठाऊक नसतें. जेथें डास व फाल्सिपेरम हजारों वर्षें नांदले तेथें तें जगण्यास उपयोगी पडलें व रुजलें.

तांबड्या पेशींखेरीज आणखी एक वारसा आहे, व तो प्रत्यक्ष प्रतिकारयंत्रणेचा. शरीराच्या बहुतेक पेशींच्या पृष्ठभागावर एच्‌एल्‌ए नांवाचीं प्रथिनें असतात. आंत शिरलेल्या जंतूचे तुकडे पेशीबाहेर मांडून दाखविणें हें त्यांचें काम. बाजारांत धान्याचा नमुना तळहातावर धरून दाखवावा तसें. नमुना पाहून पांढऱ्या पेशी शत्रु ओळखतात. ज्याचें एच्‌एल्‌ए ज्या घडणीचें, त्या घडणींत बसणारेच तुकडे त्याला धरतां येतात. आणि या घडणींचे प्रकार मनुष्यजातींत हजारोंनीं आहेत. १९९१ सालीं एड्रियन हिल व त्यांचे सहकारी यांनीं पश्चिम आफ्रिकेंतील गांबिया देशांत दाखवून दिलें कीं, एच्‌एल्‌ए-बी ५३ हा प्रकार ज्या मुलांत आहे त्यांना उग्र हिंवतापाचा धोका सुमारें चाळीस टक्क्यांनीं कमी असतो. सिकलच्या मानानें हा बचाव थोडा. पण तो प्रकार तेथें इतका सर्रास आढळतो कीं, एकंदर समाजाच्या हिशेबीं दोहोंचा लाभ सारखाच भरला. तांबड्या पेशींवर हीं प्रथिनें जवळजवळ नसल्यामुळें हें युद्ध मुख्यत: यकृतांत, जंतु रक्तांत उतरण्यापूर्वीं होतें.

यावरून गडचिरोलीविषयीं घाईनें कांहीं ताडूं नये. बी ५३ हा प्रकार पश्चिम आफ्रिकेबाहेर विरळ आहे, आणि तेथला हिशेब येथें जसाच्या तसा लागू होत नाहीं. बुर्किना फासो या देशांत तर शेजारी-शेजारी राहणाऱ्या लोकांतच भेद दिसला. फुलानी गुराख्यांच्या रक्तांत, तेच डास चावत असतांना, जंतु कमी व प्रतिकारक द्रव्यें अधिक, असें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. आणि सिकलसारखीं ओळखीचीं जनुकें त्यांच्यांत उलट कमीच निघालीं. दुसरें उदाहरण डफी या रक्तद्रव्याचें. पश्चिम आफ्रिकेंतील बहुतेक लोकांच्या तांबड्या पेशींवर तें नसतें. म्हणून व्हायव्हॅक्स जातीच्या जंतूला तेथें सहसा दार उघडत नाहीं. हिंदी लोकांत तें बहुतेक सर्वांनाच असतें, आणि म्हणून व्हायव्हॅक्स येथें घरोघर आहे. जंतुहि स्वस्थ बसत नाहीं. गांबिया व केनिया येथील रोग्यांच्या अभ्यासावरून २०२२ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, फाल्सिपेरमच्या कांहीं जनुक-प्रकारांपुढें सिकलचें संरक्षणहि लंगडें पडतें.

ही सारी गोष्ट रानच्या लोकांची, असें ज्यांना वाटत असेल त्यांनीं मुंबईकडे पाहावें. सिंधी व लोहाणा घराण्यांत थॅलसीमियाचें प्रमाण मोठें आहे. पारशी समाजांत, तसेंच इतर अनेक समाजांत, जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव आढळते. हींहि हिंवतापानेंच मागें ठेविलेलीं चिन्हें होत. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, डास न पाहिलेल्या कुटुंबाच्या रक्तांतहि पूर्वजांच्या तापाची नोंद असूं शकते. ती उणीव असलेल्याला व्हायव्हॅक्सचे यकृतांत दडलेले जंतु मारणारें प्रायमाक्विन दिलें तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात. हें जनुक मातेकडून पुत्राला येतें व मुलग्यांत अधिक प्रकट होतें. म्हणून चौदा दिवसांचा तो औषधक्रम आरंभण्यापूर्वीं रक्ताची ती चांचणी व्हावी हें बरें, मग रोगी कोरचीचा असो वा दादरचा.

सिकलच्या चांचणीला सरकारनेंहि हात घातला आहे. १ जुलै २०२३ रोजीं मध्यप्रदेशांतील शहडोल येथें राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटि लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत रोगाचें निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. तपासलेल्यास एक पत्रक मिळतें, आणि विवाह ठरवितांना दोघांचीं पत्रकें ताडून पाहावींत अशी अपेक्षा आहे. हेतु चांगला, पण आपल्याकडे पत्रिका जुळविण्याची रीत कशी चालते हें कोणास सांगावयास नको. वाहक मुलाचें पत्रक पेटींत राहील आणि वाहक मुलीचें गांवभर होईल, हें भय अनाठायीं नाहीं. वाहक म्हणजे रोगी नव्हे, आणि वाहकानें वाहक नसलेल्याशीं विवाह केल्यास त्या अपत्यांत सिकलचा रोगी निपजत नाहीं, एवढें तरी त्या पत्रकाबरोबर घरोघर पोंचलें पाहिजे.

एके काळीं हिंदी सिकल सौम्य असतो असें मानीत. येथील रोग्यांत गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन जन्मानंतरहि अधिक राहतें, व तें पेशीला वांकूं देत नाहीं, हें त्याचें कारण. परंतु नागपुरांत जन्मत:च तपासलेल्या बालकांवर नजर ठेवली असतां मध्य हिंदुस्थानांतील मुलांना तो बराच उग्र होतो असें आढळलें. हायड्रॉक्सियुरिया या औषधानें तें गर्भावस्थेंतील हिमोग्लोबिन वाढतें आणि वेदनेच्या पाळ्या कमी होतात. लहानपणीं पेनिसिलिन दिल्यानें जंतुसंसर्ग टळतो. बांधीच्या कडेला राहणाऱ्या अशा मुलाच्या अंथरुणावर कीटकनाशक लाविलेली मच्छरदाणी असणें हें त्याच्या रोजच्या गोळीइतकेंच गरजेचें आहे.