नावेवरील ध्वनियोजना आणि तिची सुधारणा

समुद्रापासून दूर, घाटमाथ्याच्या आंत असलेल्या सुदुंबरे या मावळांतील गांवीं नावा सज्ज असतात, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. वारकऱ्यांस हें गांव माहीत आहे तें संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळें. तुकोबांचे अभंग ज्यांनीं लिहून ठेविले असें परंपरा मानते, तेच हे संताजी. आतां त्याच गांवीं राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पांचव्या बटालियनचें ठाणें आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यान्वयें हें दल २००६ सालीं उभें राहिलें. २०१९ च्या ऑगस्टमध्यें कृष्णा-पंचगंगेच्या महापुरांत आणि २०२१ च्या जुलैमध्यें चिपळूणच्या पुरांत या दलाच्या रबरी नावा घरांच्या रांगांमधून फिरल्या.

अशा नावेच्या पाठीमागें यंत्र घरघरत असतें, पाण्याचा लोंढा भिंतींवर आदळत असतो आणि माडीवर उभ्या असलेल्या माणसास खालून सांगावयाचें असतें कीं, "उडी मारूं नका, लहान मुलांस आधीं खालीं द्या." त्या वेळीं शब्द पोहोचला तर काम होतें, नुसता गोंगाट पोहोचला तर घात होण्याचा संभव असतो. नावेवर आवाजाचें साधन म्हटलें कीं बहुतेकांच्या मनांत गाणीं येतात, आणि जलाशयांवर व खाडींत चालणाऱ्या सहलीच्या नावांवर तीं असतातही. त्यांत वावगें कांहीं नाहीं. पुराची नाव निराळी, सहलीची निराळी. परंतु ध्वनीचे आणि विजेचे नियम दोघींसही एकच लागू आहेत. सहलीच्या नावेवरचा जुना स्टीरिओ काढून नवा बसवूं पाहणाऱ्या मालकानें हे नियम जाणले, तर त्याचे पैसे वांचतील, आणि प्रसंगीं त्याहून मोलाचेंही कांहीं वांचेल.

तळेगांव-चाकणकडे वरातीच्या टेंपोवर साउंड बसवून देणारे मोठे कुशल कारागीर आहेत. नावेचा मालक साहजिकच अशा एखाद्या कारागिराकडे जातो आणि म्हणतो, "आवाज मोठा करून द्या." कारागीर मोठा अँप्लिफायर आणि मोठे स्पीकर सुचवितो. टेंपोला हें शोभतें. टेंपोचें यंत्र बंद पडलें तर चार माणसें तो ढकलतात. नाव मध्यें बंद पडली तर ढकलावयास पायांखालीं जमीन नसते. म्हणून नावेवरची सुधारणा स्पीकरपासून आरंभूं नये; ती बॅटरीपासून आरंभावी.

यंत्र सुरू करणारी बॅटरी आणि गाणीं वाजविणारी बॅटरी यांचा स्वभाव भिन्न असतो. पहिली क्षणभर पुष्कळ प्रवाह देण्यासाठीं घडविलेली असते. तिच्यांतील शिशाच्या पट्ट्या पातळ व संख्येनें अधिक असतात. तिच्यावर तासन् तास गाणीं वाजविलीं तर ती खोलवर रिकामी होते, आणि असें वरचेवर घडल्यास लवकरच निकामी होते. दुसऱ्या जातीच्या बॅटरींतील पट्ट्या जाड असतात. घरोघरच्या इन्व्हर्टरला लावतात ती याच प्रकारची; हळूहळू उपसा सोसणें हा तिचा गुण. नावेवर या दोन बॅटऱ्या वेगळ्या ठेवाव्या आणि मध्यें खटका बसवावा, म्हणजे गाण्यांनीं एक बॅटरी संपविली तरी दुसरी यंत्रासाठीं भरलेली राहील. लहान यंत्र दोरी ओढूनही सुरू करतां येतें, मोठें येत नाहीं. संध्याकाळच्या वाऱ्यांत, यंत्र बंद करून गाणीं ऐकत बसलेली मंडळी परत निघूं लागतात आणि चावी फिरवितांच नुसती टक्‌टक्‌ ऐकूं येते, या प्रसंगाचें मूळ पुष्कळदां एवढ्या एका खटक्याच्या अभावांत असतें.

हिशेब कठीण नाहीं. शंभर अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी असली तरी तिचा निम्माच भाग वापरावा, म्हणजे ती टिकते. अँप्लिफायर सरासरी दहा अँपिअर ओढीत असेल, तर पांच तासांनीं बॅटरी हद्दीस आली असें समजावें. जुन्या 'ए-बी' वर्गाच्या अँप्लिफायरमध्यें घेतलेल्या विजेचा जवळजवळ निम्मा भाग उष्णतेंत जातो. नव्या 'डी' वर्गाच्या अँप्लिफायरमध्यें हा अपव्यय बराच कमी असतो. तेव्हां जुना अँप्लिफायर बदलण्यास खरें कारण आवाज वाढविणें हें नसून बॅटरी वांचविणें हें आहे. दुकानदार मात्र पेटीवर छापलेला वॅटचा आंकडा दाखवितो. तो आंकडा बहुधा क्षणिक कमाल शक्तीचा असतो. सतत किती वॅट मिळतात, हें ग्राहकानें विचारलेंच पाहिजे.

यानंतर तार. ही गोष्ट फार दुर्लक्षिली जाते, कारण ती फळ्यांखालीं दडलेली असते. घरीं २३० व्होल्टचा पुरवठा असतो, त्यांतून एक-दोन व्होल्ट वाटेंत गेले तर कळतही नाहीं. नावेवर मुळांत बाराच व्होल्ट असतात. बॅटरीपासून अँप्लिफायर पांच मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन तार दहा मीटर होते. घरांत वापरतात ती अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली, तर दहा मीटरला तिचा रोध ०.०७ ओहम भरतो. दहा अँपिअर वाहतांना वाटेंतच ०.७ व्होल्ट नाहींसा होतो. तबल्याचा अगर ढोलाचा ठोका पडतांच क्षणभर तीस अँपिअर लागले, तर २.१ व्होल्ट गळतात आणि अँप्लिफायरच्या तोंडाशीं दहा व्होल्टही उरत नाहींत. मग आवाज फाटतो, आणि मालक म्हणतो कीं स्पीकर खराब आहे. तीच तार सहा चौरस मिलिमीटरची घातली तर पहिली गळती ०.२९ व्होल्टवर आणि दुसरी ०.८७ व्होल्टवर येते. कित्येक नावांवर केवळ तार बदलल्यानें जुनाच संच सुधारतो. नवा विकत घ्यावा लागत नाहीं. दुकानदार हें आपण होऊन सांगेल अशी आशा धरूं नये.

तार बारीक तंतूंची असावी, कारण नाव सतत थरथरते आणि एकसंध जाड तार थरथरीनें तुटते. शिवाय ती कल्हईची असावी. स्वयंपाकघरांतील पितळेच्या भांड्यांस कल्हई कां करीत, हें ज्या घरांत ठाऊक आहे तेथें याचें कारण निराळें सांगावयास नको. उघड्या तांब्यास खारी हवा लागली कीं तें हिरवें-काळें पडतें, आणि तो मळ वेष्टणाच्या आंतून पुढें सरकत जातो. गोड्या पाण्याच्या जलाशयांत हा नाश सावकाश होतो, खाडींत झपाट्यानें. प्रत्येक जोडावर उष्णतेनें आवळणारी नळी चढवावी. बॅटरीच्या धन टोंकापासून एका वितीच्या आंत फ्यूज बसविलाच पाहिजे. कारण फ्यूज रक्षण करतो तें तारेचें, आणि बॅटरी व फ्यूज यांमधला तुकडा अरक्षितच राहतो. तो तुकडा जितका आंखूड तितका चांगला. नावेवर आग लागली तर पळावयास जागा नाहीं.

आतां स्पीकर. कागदी पडद्याचा स्पीकर दमट हवेंत फुगतो व सैल होतो. नावेसाठीं प्लास्टिकच्या जातीचा पडदा आणि रबराची कड असलेला स्पीकर घ्यावा. फोमची कड उन्हानें कांहीं वर्षांत भुसभुशीत होते. खोक्यावर 'आयपी' या अक्षरांपुढें दोन अंक छापलेले असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६५ म्हणजे धूळ मुळींच शिरत नाहीं आणि पाण्याचा फवारा सोसतो; ६७ म्हणजे एक मीटर पाण्यांत अर्धा तास बुडाला तरी चालतो. अंक छापलेले नसतील तर 'वॉटरप्रूफ' या नुसत्या शब्दावर विसंबूं नये. आणखी एक गोष्ट टेंपोवाल्यास सुचणारच नाहीं. स्पीकरमध्यें बळकट चुंबक असतो, आणि तो होकायंत्राजवळ बसविला तर सुई खोटें दाखवूं लागते. खाडीबाहेर जाणाऱ्या नावेवर दोहोंत निदान एक मीटर अंतर ठेवून, स्पीकर बसविण्यापूर्वीं व नंतर सुई तपासून पाहावी.

आवाजाच्या मापनाविषयीं मोठा गैरसमज आढळतो. वॅट दुप्पट केले कीं आवाज दुप्पट होतो, असें पुष्कळ लोक समजतात. वस्तुतः वॅट दुप्पट केल्यानें आवाज तीनच डेसिबेलनें वाढतो, आणि हा फरक कानास जेमतेम कळतो. दुप्पट भासण्यास वॅट सुमारें दसपट करावे लागतात. उलट स्पीकरच अधिक कार्यक्षम निवडला, म्हणजे एका वॅटला ८७ च्या ऐवजीं ९० डेसिबेल देणारा, तर अँप्लिफायर दुप्पट केल्याचें फळ फुकट मिळतें. त्यांत उघड्या पाण्यावर भिंती नसतात; अंतर दुप्पट झालें कीं सहा डेसिबेल उणे होतात. मोठ्या पेटींतून निघणारा दणदणाट नावेच्या फळ्या हलवितो आणि आकाशांत विरून जातो.

आणि शब्द? माणसाचें बोलणें समजतें तें व्यंजनांवरून. त, स, श, च, क यांची ओळख मुख्यतः सेकंदाला सुमारें दोन ते चार हजार कंपनांच्या पट्ट्यांत होते. यंत्राची घरघर त्याच्या पुष्कळ खालीं असते. जो संच खालचा दणका वाढवितो, तो यंत्राच्या घरघरीस साह्य करतो आणि शब्दास मारतो. या कामीं देवळावर किंवा यात्रेंत दिसणारा साधा कर्णा मोठ्या पेटीस मागें टाकतो. चांगला कर्णा एका वॅटला १०५ डेसिबेलच्या आसपास देतो. ९० डेसिबेलच्या स्पीकरहून हा फरक १५ डेसिबेलचा, म्हणजे शक्तीच्या भाषेंत सुमारें तीसपट. कर्ण्याचे दहा वॅट आणि पेटीचे तीनशें वॅट, हा हिशेब पुढें ठेवला म्हणजे मोह आवरतो. गाणें कर्ण्यावर गोड लागत नाहीं हें खरें. म्हणून गाण्यासाठीं दोन माफक स्पीकर आणि सूचनेसाठीं एक लहान कर्णा, अशी विभागणी शहाणपणाची. मायक्रोफोन उचलून कळ दाबतांच गाणें आपोआप थांबेल, अशी सोय कांहीं संचांत असते; ती असलेलाच घ्यावा. जाकिटें चढवा, एका बाजूस गर्दी करूं नका, हे दोन हुकूम गाण्याच्या कडव्यांत बुडतां कामा नयेत.

स्टीरिओविषयीं थोडक्यांत. डावा व उजवा असे दोन निराळे प्रवाह मधोमध बसणारासच नीट एकत्र ऐकूं येतात. नावेंत मंडळी दोन्ही कडांस बसतात; डावीकडच्यास गायक, उजवीकडच्यास सारंगी, असा प्रकार होतो. प्रवासी नावेवर दोन्ही बाजूंस एकच मिश्रित आवाज सोडावा.

सर्वांत गंभीर मुद्दा बिनतारी यंत्राचा. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. त्या बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. अपघाताची वार्ता मुंबईस कळली ती पोहून किनाऱ्यास लागलेल्यांच्या तोंडून, तासन् तास उलटल्यावर. आज समुद्रांत जाणाऱ्या नौकांवर व्हीएचएफ यंत्रें असतात, आणि १६ वी वाहिनी, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ, संकटाच्या हांकेसाठीं राखून ठेवलेली आहे. पण यंत्र असून तें ऐकूं येत नसेल तर नसल्यासारखेंच. म्हणून स्टीरिओच्या तारा व्हीएचएफच्या तारेपासून दूर न्याव्या. हलक्या प्रतीचे अँप्लिफायर आणि मोबाइल भरण्याचे खटके बिनतारी यंत्रांत खरखर उत्पन्न करतात. नवा संच बसवून झाल्यावर पूर्ण आवाजांत गाणें लावावें आणि १६ वी वाहिनी ऐकूं येते कीं नाहीं तें सुकाणूपाशीं उभें राहून पाहावें. येत नसेल तर सुकाणूजवळचा स्पीकर काढून टाकावा. त्याची तेथें गरजही नसते.

पाण्यावरून आवाज दूर जातो, रात्रीं तर विशेषच. कांठच्या वस्तीवर निजलेल्या लोकांचाही विचार व्हावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें रात्रीं १० ते सकाळीं ६ उघड्यावर कर्णे लावण्यास मनाई आहे. मावळांतल्या जलाशयांकांठच्या सहलींना याचें स्मरण देण्याची वेळ वारंवार येते. असो.

सारें बसवून झालें कीं दाम चुकविण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. तिला कांहींच खर्च नाहीं. नाव कांठापासून पन्नास मीटरवर न्यावी, यंत्र नेहमींच्या वेगानें चालूं ठेवावें आणि नावेवरच्या माणसानें कर्ण्यावरून दहा सुटे शब्द वाचावे; एकमेकांशीं संबंध नसलेले, म्हणजे ऐकणारास अंदाज बांधतां येणार नाहीं. कांठावर उभ्या असलेल्या दुसऱ्यानें ते कागदावर उतरून घ्यावे. मग वारा ज्या दिशेस वाहतो तिच्या उलट बाजूस जाऊन दुसरे दहा शब्द वाचावे. दहांपैकीं आठ बरोबर उतरले तर संच पसंत करावा. त्याहून कमी उतरले, तर नवा अँप्लिफायर मागण्यापूर्वीं खालच्या स्वरांची कळ पूर्ण कमी करून तेच शब्द पुन्हां वाचावे.