धनादेश : शाई, शिक्का आणि स्वाक्षरी

एके काळी बँकेत भरलेला धनादेश स्वतः प्रवास करीत असे. आता त्याची प्रतिमा प्रवास करते. रिझर्व्ह बँकेने ही पद्धत १ फेब्रुवारी २००८ रोजी नवी दिल्लीत सुरू केली. मुंबईत ती २७ एप्रिल २०१३ पासून आली. कागद, जलचिन्ह व छपाई यांचे समान मानक २०१० मध्ये ठरले.

ते पाळणे बँकांचे काम. लिहिणाऱ्याला मात्र हाताची जुनी सवय मोडावी लागते. पूर्वी नाव वा रक्कम चुकली, तर खोडून शेजारी पुन्हा स्वाक्षरी केली की भागत असे. आता तारखेच्या वैधतेसाठी केलेली दुरुस्ती सोडल्यास खाडाखोड चालत नाही. नवा धनादेशच लिहावा लागतो.

ग्रामपंचायतीच्या धनादेशावर दोन स्वाक्षऱ्या आणि पदनामाचे शिक्के असतात. शिक्का ठसठशीत उमटावा, ही कार्यालयांची जुनी हौस! परंतु तो स्वाक्षरीवर, तारखेवर किंवा रकमेवर पडला, तर प्रतिमेत मजकूर वाचता येत नाही. फिकट शाईचेही तेच. धनादेश परत येतो आणि शाळेची भिंत बांधणाऱ्या गवंड्याची मजुरी अडते. शिवाय १ एप्रिल २०१२ पासून धनादेशाची मुदत सहा महिन्यांऐवजी तीनच महिने आहे.

४ ऑक्टोबर २०२५ पासून तर दिवसा भरलेल्या धनादेशाचा निर्णय त्याच सायंकाळी होऊ लागला. म्हणून शिल्लक पाहूनच स्वाक्षरी करावी; ‘उद्या भरणा करू’ ही सवड आता उरलेली नाही.