स्वस्त खोलीचा हिशोब

(महाळुंगे इथल्या कामगार बायकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



रविवार असूनही तुम्ही आलात. आठवड्याचे कपडे घरी भिजत पडलेत, याची मला कल्पना आहे. म्हणून लांबण लावत नाही.

माझी भाची अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. तिच्या नवऱ्याला टेक्सासमध्ये डॅलसला नोकरी चालून आली, तेव्हा तिनं दोन्ही गावांचा खर्च कागदावर शेजारी शेजारी मांडला आणि मला फोनवर वाचून दाखवला. डॅलसला घर स्वस्त. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर नाही. पण घरावरचा कर जबर, आणि दोघांना दोन गाड्या लागणार. एडिसनहून निदान न्यूयॉर्कला रेल्वेनं जाता येतं. मी विचारलं, "आणि तुझ्या नोकरीचं काय?" ती म्हणाली, "ते कागदावर घेतलंच नाही गं मावशी."

हा कागद मला इथं पुन्हा आठवला. आपल्यातल्याच एका ताईंनी त्यांची खर्चाची वही मला वाचायला दिली. नाव सांगत नाही, त्या इथंच बसल्या आहेत. आधी त्या पिंपरीत राहायच्या, खोलीचं भाडं सात हजार. महाळुंग्यात साडेचार हजारांत खोली मिळाली. कंपनीही जवळ. महिन्याला अडीच हजार वाचणार म्हणून घरात आनंद झाला.

आता वहीचं पुढचं पान बघा. खोल्यांच्या चाळीला बोअरचं पाणी, ते पिववत नाही. रोज एक जार विकत, तीस रुपयांचा. झाले नऊशे. मुलगा दहावीला, त्याची शाळा मधेच कशी सोडवायची? त्याचं पिंपरीला जाणं-येणं हजाराच्या घरात. विजेचे तीनशे जादा. अडीच हजारांतले उरले तीनशे. श्रावणात मुलाला ताप आला आणि रक्ताच्या तपासणीतच ते उडाले. पिंपरीत असताना त्या महापालिकेच्या दवाखान्यात चालत जायच्या. दुखणं वाढलं तर यशवंतराव चव्हाण रुग्णालय होतं. पिंपरीत सगळं सोन्याचं होतं असं नाही. तिथंही २०१९ च्या नोव्हेंबरापासून दिवसाआड पाणी सुरू झालं. पण ते प्यायचं पाणी होतं, आणि नळाला येत होतं.

विजेचं जरा नीट समजून घेऊ, कारण इथं पुष्कळजणी फसतात. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा असतो. पहिल्या शंभर युनिटांना सगळ्यात कमी, पुढं चढत जातो. तुमची एक खोली, एक पंखा, एक दिवा, एक टीव्ही. स्वतंत्र मीटर असतं तर तुम्ही खालच्याच टप्प्यात राहिला असता. पण मालकानं दहा खोल्यांना मिळून एकच मीटर घेतलेलं असतं. सगळ्यांची युनिटं एकत्र मोजली जातात, बिल वरच्या टप्प्यात जातं आणि मालक तोच दर, वर आपलं काही घालून, तुमच्याकडून घेतो. म्हणजे बंगलेवाल्याचा दर एका पंख्याला.

या ताईंच्या वहीत जे नाही, तेही सांगते. पाण्याच्या रांगेत सकाळी तासभर जातो. रात्रपाळीहून येताना रस्त्यावर दिवे नाहीत, म्हणून त्यांनी ओव्हरटाइम सोडला. बुडालेले पैसे त्यांनी खर्चात धरलेच नाहीत. भाचीसारखंच झालं. बाईचं जे जातं, ते कागदावर येत नाही.

मग कंत्राटदार कुठल्या तोंडानं म्हणतो, "तुम्ही गावात राहता, तुम्हाला खर्च कमी"? याला उत्तर देताना एक चूक करू नका. मागच्या बैठकीत कुणीतरी महागाईचे निर्देशांक आणले होते. औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक शिमल्याचं श्रम ब्यूरो काढतं, २०१६ साल शंभर धरून. त्यात पुणे हे केंद्र आहे. पण तो निर्देशांक एकाच ठिकाणी काळानुसार भाव किती वाढले एवढंच सांगतो. पुण्याचा आकडा दुसऱ्या केंद्रापेक्षा कमी असला म्हणून पुणं स्वस्त ठरत नाही. दोन गावांची तुलना त्यातून निघत नाही. ती आपल्या वहीतूनच काढावी लागेल.

किमान वेतनाच्या अधिसूचनांमध्ये परिमंडळं असतात. महापालिकेच्या हद्दीला वरचा दर, बाकीच्यांना खालचा, अशी साधारण रचना. आपलं महाळुंगे खेड तालुक्यातली ग्रामपंचायत, आणि आजूबाजूला चाकणची औद्योगिक वसाहत. तेव्हा आपल्या उद्योगाच्या अधिसूचनेत औद्योगिक क्षेत्राबद्दल नेमकं काय लिहिलंय, ते शब्द न् शब्द वाचायचं. कंत्राटदाराच्या तोंडी सांगण्यावर विसंबायचं नाही.

आणि हे वेतन ठरतं कसं? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं माप ठरवलं. एका कमावत्यामागं तीन खाणारी तोंडं, माणशी २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. तीन कशी? पुरुष एक, बायको ०.८, दोन मुलं ०.६ प्रत्येकी. बायकोची कमाई हिशोबात धरायची नाही, असंही त्यात होतं. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुलांचं शिक्षण, दवाखाना वगैरेंसाठी आणखी पंचवीस टक्के धरायला सांगितले, ते चांगलंच झालं. १९४८ चा किमान वेतन कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत गेला, ती २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. केंद्रानं तिच्या नियमांचा मसुदा आधीच काढला होता. त्यात घरभाडं धरलं होतं अन्न-कापडाच्या खर्चाच्या दहा टक्के! ताईंच्या घरात अन्न-कापडाला महिन्याला नऊ हजार लागतात. म्हणजे भाड्याला नऊशे. नऊशे रुपयांत खोली कुणी दाखवली तर मी स्वतः राहायला येते. (हशा)

तेव्हा पुढच्या महिन्यापासून प्रत्येकीनं वही ठेवायची. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची शेजारणीनं लिहायची. भाडं, जार, वीज, येणं-जाणं, औषध, आणि शेवटी एक रकाना तासांचा. किती वेळ रांगेत, किती वेळ चालण्यात, कुठली पाळी सोडली. नवऱ्यानं विचारलं तर खुशाल दाखवा. वीस-पंचवीस वह्या जमल्या की दिव्यांसाठी ग्रामपंचायतीकडं आणि पगारासाठी कामगार उपायुक्तांकडं जाऊ.

पुढच्या बैठकीला येताना विजेच्या बिलाचा फोटो आणा. मालक बिल दाखवत नसेल, तर कुठल्या तारखेला मागितलं आणि तो काय म्हणाला, ते लिहून आणा.